पिसं गळतायत, पण नवी येतायत का?

जबलपूरहून बोलतोय. मागच्या वेळी आपण पाळीव पक्ष्यांच्या खाण्यावर बोललो, आणि त्यानंतर जे प्रश्न आले त्यातले निम्मे एकाच गोष्टीवर होते. "आमच्या लव्हबर्डची पिसं तीन महिने गळतायत, काय करू?" म्हणून आज फक्त तेवढंच.

आधी एक नावाचा घोळ मिटवू. आपल्याकडे सर्रास ज्याला लव्हबर्ड म्हणतात, हिरवा-पिवळा किंवा निळा-पांढरा, पाठीवर काळ्या लहरी असलेला, लांब शेपटीचा, तो लव्हबर्ड नाही. तो बजरीगर, म्हणजे बजी. आमच्याकडे जबलपुरात 'बजरी' म्हणतात. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला, आखूड शेपटीचा, गुबगुबीत. बजी ऑस्ट्रेलियातला. जॉन गूल्डनं १८४० मध्ये जिवंत बजी इंग्लंडला नेले आणि तिथून ते जगभर घराघरांत पोचले. हे सांगतोय ते माहितीसाठी नाही. पिसं गळण्याचं सगळं कोडं तो ऑस्ट्रेलियातला आहे यात दडलंय.

मी पशुवैद्य आहे. आमचं इथलं पशुवैद्यक महाविद्यालय १९४८ सालचं, आता ते नानाजी देशमुख पशुचिकित्सा विज्ञान विद्यापीठात आहे. तिथे शिकताना आमच्या हाताखालून गाई-म्हशी गेल्या, कोंबड्या गेल्या. कोंबडीवाल्यांना पिसं गळणं चांगलं माहीत असतं. कोंबडी पिसं टाकायला लागली की अंडी देणं थांबवते, कारण दोन्ही कामांना लागणारं प्रथिन एकाच कोठारातून येतं. पीस म्हणजे जवळजवळ सगळं केराटिन, आपली नखं-केस ज्याचे बनतात त्याच जातीचं प्रथिन. बहुतेक पक्ष्यांच्या पिसाऱ्याचं वजन त्यांच्या हाडांच्या सांगाड्यापेक्षा जास्त भरतं. विचार करा, ३५ ग्रॅमचा जीव, आणि त्यानं अंगावरचे सगळे कपडे स्वतःच्या शरीरातून पुन्हा विणायचे. त्या दिवसांत तो जरा गप्प असतो, जास्त झोपतो, चिडचिड करतो, कुरवाळून घेत नाही. तेवढं चालायचंच. नवी पिसं कोंबासारखी कातडीतून वर येताना खुपतात.

आता ऑस्ट्रेलिया. तिथल्या मधल्या कोरड्या मुलखात पाऊस कधी पडेल याचा नेम नाही. आपल्याकडे मृग कोरडा गेला तरी आर्द्रा आहे, पुनर्वसू आहे. तिथे नक्षत्रांचा काही भरवसा नाही. पाऊस पडला की गवत येतं, गवताला दाणा येतो आणि बजी लगेच अंडी घालतात. मग महिना कुठला का असेना. अशा पक्ष्याला 'अमुक महिन्यात पिसं टाकीन' असं वेळापत्रक परवडत नाही. एकदम सगळी टाकली आणि नेमका पाऊस आला, तर उडणार कशानं? म्हणून रानातले बजी पिसं हळूहळू, दोन-दोन चार-चार करत बदलत राहतात, मध्ये थांबू शकतात, पुन्हा सुरू करू शकतात. पंखाची मोठी पिसंसुद्धा मधल्या एखाद्या पिसापासून सुरुवात करून दोन्ही बाजूंना क्रमानं बदलतात आणि दोन्ही पंखांत साधारण जोडीनं. तोल बिघडत नाही.

तेव्हा "किती दिवस चालावं?" या प्रश्नाला माझं उत्तर असं. पिल्लाचं पहिलं गळणं तीन-चार महिन्यांच्या वयात. कपाळावरच्या काळ्या रेघा जातात, डोक्याचा रंग स्वच्छ होतो. घाबरून येतात लोक, पण ते नुसतं वयात येणं आहे. पुढे मोठ्या पक्ष्यात वर्षाला एकदा किंवा दोनदा जोराचं गळणं होतं, काही आठवडे चालतं. एरवीही पिंजऱ्याच्या तळाशी एखाद-दुसरं पीस सापडत राहिलं तर मी त्याला आजार म्हणत नाही. पण जोराचं गळणं दोन-अडीच महिने झाले तरी ओसरत नाही, किंवा एक संपत नाही तोच दुसरं सुरू होतं, तर कारण शोधायलाच हवं. आणि हे सगळं बोलल्यावर सांगतो की दिवस मोजण्यापेक्षा मी पक्ष्याकडे बघतो. जुनी पिसं गेली तिथे नवी येतायत का? निरोगी गळण्यात टक्कल पडत नाही. पिसारा विरळ, विस्कटलेला, केविलवाणा दिसेल, पण गुलाबी कातडी उघडी दिसत नाही. आणि तो उडू शकतो.

घरात लांबणाऱ्या पिसगळीचं जे कारण मला सगळ्यात जास्त सापडतं ते औषधाच्या दुकानात मिळत नाही. ते म्हणजे दिवाणखान्यातला दिवा.

नेपियर टाउनमध्ये एक आजी आहेत. मुलगा पुण्याला, सून पुण्याला, घरात आजी आणि निळा बजी. त्याचं नाव पिंटू. सात महिने पिंटूची पिसं गळत होती. आजींनी व्हिटॅमिनचे थेंब घातले, पाण्यात कुणी सांगितलेली पावडर घातली, पिंजऱ्याची जागा तीनदा बदलली. मी तपासलं. वजन ३६ ग्रॅम, छाती भरलेली, विष्ठा ठीक, चोच-नखं ठीक, नवे कोंब सगळीकडे. पक्षी धडधाकट, फक्त त्याचं शरीर सात महिने 'आता बदलू, आता बदलू' म्हणत मध्येच अडकलेलं. मी विचारलं, हा झोपतो किती वाजता? आजी म्हणाल्या, "माझ्याबरोबरच. आम्ही दोघं मालिका बघतो. साडेअकरा-बारा होतात."

जबलपूर कर्कवृत्ताच्या अगदी खाली आहे. इथे जूनमधला दिवस साडेतेरा तासांच्या आसपास आणि डिसेंबरमधला पावणेअकरा. पक्ष्याचं शरीर या कमी-जास्त होण्यावरून ऋतू ओळखतं. मेंदूतून निघालेले संदेश थायरॉइडला आणि जननग्रंथींना पोचतात आणि त्यावर पिसं टाकायची की अंडी घालायची हे ठरतं. पिंटूच्या आयुष्यात दिवस बारमाही सतरा-अठरा तासांचा. आणि हिवाळ्यात आजी खोली उबदार ठेवणार, दाणा तर कायमच भरलेला. म्हणजे त्याच्या लेखी ऑस्ट्रेलियात पाऊस पडतोय आणि थांबतच नाहीये.

उपाय सोपा होता: संध्याकाळी सात-साडेसातला पिंजरा मागच्या खोलीत, अंधारात, शांततेत, सकाळी उजाडल्यावर बाहेर. दहा-बारा तास सलग झोप. पण आजींचा चेहरा पडला. "मग मी संध्याकाळी कुणाशी बोलू?" याचं उत्तर वैद्यकाच्या पुस्तकात नसतं. शेवटी त्यांनीच तोडगा काढला. त्याच मालिकांचं पुनःप्रसारण दुपारी असतं, तर दुपारी पिंटूबरोबर बघायचं आणि रात्री फोनवर नातवाशी बोलायचं. दोन महिन्यांत पिंटूचा पिसारा भरला. औषध एक थेंबही दिलं नव्हतं, उलट होती ती बंद केली.

नुसतं कापड टाकून टीव्ही त्याच खोलीत चालू ठेवला तर भागेल का, असं बरेच जण विचारतात. नाही भागत. कापडातून उजेड येतो, आवाज येतो. दुसरी खोली नसेल तर निदान जाड गडद कापड, आवाज कमी आणि तुम्हीही थोडं लवकर झोपा, इतकंच म्हणेन.

दुसरं मोठं कारण ताटात. नुसत्या दाण्यावर ठेवलेला बजी. बाजारात मिळतो तो दाणा म्हणजे मुख्यतः राळा, ज्याला इकडे कंगनी म्हणतात. बजीला तो प्राणप्रिय. पण त्यात पिसं विणायला लागणारी गंधकयुक्त अमिनो आम्लं अपुरी, अ जीवनसत्त्व जवळजवळ नाही, कॅल्शियम कमी, आयोडीन कमी. माणसानं वर्षभर नुसती भाकरी खावी तसं. पिसं गळतात, पण नवी बनवायला माल नाही. मग जी येतात ती मळकट, ठिसूळ, आडव्या बारीक रेघा पडलेली. त्या रेघा म्हणजे पीस वाढत असताना त्या दिवशी शरीराची ओढाताण झाल्याची नोंद. मी एखादं गळलेलं पीस उजेडात धरून बघतो, तेव्हा लोकांना वाटतं डॉक्टर भविष्य बघतायत. भूतकाळ बघत असतो.

काय द्यावं? मोड आलेले मूग, मटकी. मोड काढण्याची कला मराठी घराला शिकवायला नको. उकडलेल्या अंड्याचा चुरा, आठवड्यातून दोन-तीनदा, चमच्याच्या टोकावर मावेल इतका, आणि दोन तासांत उरलेला उचलायचा, नाहीतर उन्हाळ्यात तो नासतो. किसलेलं गाजर. कोथिंबीर, मेथी. आणि शेवग्याचा पाला. अ जीवनसत्त्वासाठी यापेक्षा स्वस्त आणि चांगलं काही नाही, झाड शेजाऱ्याच्या अंगणात असतंच. पहिले आठ-दहा दिवस तो तोंड लावणार नाही. बजी नव्या खाण्याला शत्रू समजतो. ओल्या कोथिंबिरीची जुडी पिंजऱ्यात टांगा, आधी तो तिच्यात अंग घासून आंघोळ करेल, मग कुरतडेल. ती आंघोळही हवीच. कोंबांवरची आवरणं मऊ होतात आणि खाज कमी होते.

कॅल्शियमसाठी समुद्रफेन. आपल्या काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो, इकडच्या पंसाऱ्याकडे 'समुद्र झाग' म्हणून मागा. दुकानातल्या परदेशी पाकिटातही तोच असतो. एकानं मला विचारलं होतं की भेडाघाटच्या संगमरवराचा चुरा चालेल का, इथे फुकट मिळतो. कल्पना जबलपुरी आहे, पण नको. तो दगड आहे, मॅग्नेशियमवाला, आणि मूर्तिकारांच्या दुकानातला चुरा पॉलिशसकट येतो.

दाण्याबद्दल आणखी एक. आमच्या शेजारी मंडला, दिंडोरी हे कोदो-कुटकीचे जिल्हे. कोदो म्हणजे कोकणातला हरीक. ही तृणधान्यं बजीला चांगली, मी देतोही. पण ओल लागलेला, बुरशी आलेला कोदो विषारी होतो, हे इथल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. २०२४ च्या ऑक्टोबरअखेरीस बांधवगडमध्ये दहा रानटी हत्ती मेले. बरेलीच्या भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्थेच्या तपासणीत सायक्लोपियाझोनिक आम्ल सापडलं, जे बुरशी लागलेल्या कोदोत असतं. हत्ती गेले तिथे ३५ ग्रॅमच्या पक्ष्याची काय कथा. पावसाळ्यात दाणा घट्ट झाकणाच्या डब्यात, थोडा थोडा आणा, वास घ्या. कुबट वास आला तर उन्हात वाळवून वापरण्याची काटकसर करू नका, फेका.

आयोडीनचं सांगतो. नुसत्या दाण्यावर वर्षानुवर्षं राहिलेल्या बजीला गलगंड होतो, आणि बजींच्या जातीतच ही खोड आहे. आपल्यासारखा तो गळ्याला बाहेरून फुगलेला दिसत नाही. ग्रंथी आत, छातीच्या तोंडाशी असते, वाढली की श्वासनलिकेवर आणि अन्ननलिकेवर दाब येतो. म्हणून आवाज बदलतो: श्वासाबरोबर बारीक 'चीं' किंवा टिकटिक ऐकू येते, मान लांब करून बसतो, दाणा उलटून टाकतो. पिसं घडवून आणणारी मुख्य ग्रंथीच ही, त्यामुळे पिसारा रेंगाळतो. खमरियाच्या फॅक्टरी क्वार्टरमधला असा एक बजी आला होता, सहा वर्षं फक्त कंगनी. मालक म्हणाले, पिसं सोडा डॉक्टर, हा रात्री शिट्टी वाजवल्यासारखा श्वास घेतो, आम्हाला झोप नाही. योग्य मात्रेत आयोडीन सुरू केल्यावर काही दिवसांत शिट्टी थांबली. मात्रा मात्र पशुवैद्यानंच ठरवायची. घरातलं आयोडीनचं जखमेवर लावायचं औषध पाण्यात टाकणारे मी पाहिलेत, ते करू नका. मीठही नको.

आता काळजीच्या खऱ्या खुणा. इथे मी जरा सावकाश बोलतो.

पहिली खूण म्हणजे टक्कल, आणि ते कुठे आहे. पक्ष्याची चोच स्वतःच्या डोक्यापर्यंत पोचत नाही. अंग उघडं आणि डोकं मात्र झकास भरलेलं असेल, तर तो स्वतः पिसं उपटतोय; कंटाळा, भीती, खाज, कधी आतलं दुखणं. डोकं आणि मान उघडी आणि अंग ठीक असेल, तर जोडीदाराकडे बघा. जोडीदारच उपटत असेल तर दोघांना वेगळे ठेवल्यावर काही दिवसांनी कोंब दिसू लागतात. आणि एकटा पक्षी असून डोकं उघडं पडत असेल, तर आजार किंवा कीड. चोचीच्या कडेला, नाकपुडीभोवती पांढरट, मधाच्या पोळ्यासारखी सच्छिद्र खपली दिसली तर ते खरजेचे किडे. उपचार सोपा आहे, पण औषध थेंबांत मोजून द्यावं लागतं, आणि कुत्र्याच्या मापाचं दिलं तर पक्षी मरतो. रात्री अस्वस्थ असेल तर पिंजऱ्यावर पांढरं कापड टाका, पहाटे कापडावर लाल-काळे ठिपके चालताना दिसतायत का बघा. ते रक्त पिणारे किडे, पिंजऱ्याच्या फटीत राहतात आणि रात्री पक्ष्यावर चढतात.

दुसरी खूण लहान पिल्लांची. बाजारातून दीड-दोन महिन्यांचं पिल्लू आणलं आणि त्याच्या पंखांची, शेपटीची मोठी पिसं भराभर गळून ते उडायचंच बंद झालं, जमिनीवर पळत राहतं. याला जुन्या काळापासून फ्रेंच मोल्ट म्हणतात. नावात मोल्ट असलं तरी हे नेहमीचं पिसं टाकणं नाही. यामागे बहुतेक वेळा विषाणू असतात, पॉलिओमा किंवा सर्कोव्हायरस. काही पिल्लांची पिसं पुढे येतात, काहींची नीट कधीच येत नाहीत. औषध नाही. पीस किंवा रक्ताच्या नमुन्यावर पीसीआर तपासणी करून घेता येते. माणसाला हे दोन्ही लागत नाहीत, पण घरातल्या दुसऱ्या पक्ष्याला लागतात, म्हणून नवा पक्षी आणला की महिना-दीड महिना वेगळ्या खोलीत. न उडणारं पिल्लूही घरात आनंदानं जगू शकतं. पिंजरा बुटका, आडवा, काठ्या खाली. त्याला परत दुकानात देऊन 'बदलून' आणणाऱ्यांशी मी वाद घालतो. तिथून तो दुसऱ्या वीस पिल्लांना तेच देतो.

दुकानावरून आठवलं. पंख कातरून विकतात, आणि मग लोक म्हणतात सहा महिने झाले, पिसं वाढतच नाहीत. मुळासकट गळलेल्या पिसाच्या जागी नवं लगेच यायला लागतं. कातरलेलं पीस मात्र पुढच्या गळण्यापर्यंत तसंच राहतं, कारण ते मेलेलं केराटिन आहे. ते आपण होऊन वाढणार नाही, आणि तुम्ही उपटूही नका.

तिसरी खूण रक्त. वाढतं पीस आतून रक्तानं भरलेलं असतं, निळसर-काळा देठ दिसतो. ते मोडलं तर नळीसारखं वाहतं. ३५ ग्रॅमच्या पक्ष्याच्या अंगात रक्त साडेतीन मिलिलिटर, चहाच्या चमच्यापेक्षा कमी. सात-आठ थेंब गेले तर तो सोसेल. त्यापुढे वेळ कमी. स्वच्छ कापसावर मक्याचं पीठ, म्हणजे कॉर्नफ्लॉर, घेऊन बोटानं हलकेच दाबून धरा, छाती न दाबता, कारण छाती दाबली तर त्याला श्वास घेता येत नाही. पाच मिनिटांत थांबलं नाही तर रिक्षा पकडा.

आणि चौथी खूण वजन. या एका गोष्टीसाठी आजचं सगळं बोलणं विसरलात तरी चालेल.

रांझीहून एक शाळकरी मुलगी आली होती, वडिलांच्या स्कूटरवर, दप्तराच्या पिशवीत बूट ठेवायचा खोका, खोक्यात पिवळा बजी. महिनाभर पिसं गळत होती. जिथे विचारलं तिथे त्यांना सांगितलं गेलं, "पंख झड़ रहे हैं, मौसम है, ठीक हो जाएगा." पक्षी फुगून बसलेला, गोल, लोकरीच्या गोळ्यासारखा. मुलगी म्हणाली, "काका, खातो तर खूप. दिवसभर भांड्यातच असतो." मी हातात घेतला आणि बोट छातीवरून फिरवलं. मधलं हाड सुरीच्या पात्यासारखं हाताला लागलं. दोन्ही बाजूंचं मांस गेलेलं. २४ ग्रॅम. विष्ठेत अख्खे दाणे. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या पोटातली बुरशी दिसली, मॅक्रोऱ्हॅब्डस, बजींमध्ये नेहमी आढळणारी. पक्षी खात राहतो, पचत काही नाही, आणि हळूहळू वाळतो. लवकर सापडली तर औषध आहे. हा पक्षी तिसऱ्या दिवशी गेला.

त्याची पिसं गळत होती हे खरंच होतं. पण गळणं हे त्या महिन्यात होणारं एकमेव काम नव्हतं, आणि फुगलेल्या पिसांखाली दहा-बारा ग्रॅम गेलेले कुणाला दिसले नाहीत. पक्षी दुखणं लपवतात. थव्यात जो आजारी दिसतो तो ससाण्याच्या तोंडी जातो, म्हणून अखेरपर्यंत ते दाणे टिपतात, निदान टिपल्यासारखं करतात, सालं काढतात आणि गिळत नाहीत. म्हणून डोळ्यांवर विसंबू नका. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा घ्या. सकाळी, दाणा घालण्याआधी, एका छोट्या डब्यात किंवा काठीवर बसवून वजन करा आणि कालनिर्णयच्या चौकटीत, दुधाच्या हिशोबाशेजारी लिहा. आठवड्यातून एकदा, पिसं गळत असताना आठवड्यातून दोनदा. नेहमीच्या वजनापेक्षा दहा टक्के कमी झालं, म्हणजे ३५ चे साडेएकतीस झाले, तर वाट बघायची नाही. पिसं गळताना एखाद-दुसरा ग्रॅम इकडेतिकडे होतो, साडेतीन ग्रॅम होत नाहीत.

त्या मुलीनं पुढच्या वर्षी पुन्हा एक बजी आणला. या वेळी ती वही घेऊन आली, आठ महिन्यांची वजनं लिहिलेली.

याशिवाय पिंजऱ्याच्या तळाशी बसणं, श्वासागणिक शेपूट वरखाली होणं, दिवसा दोन्ही पायांवर डोळे मिटून फुगून बसणं, विष्ठा पातळ किंवा फार कमी होणं. यातलं काहीही पिसं गळण्याबरोबर दिसलं तर पिसांना दोष देऊ नका. त्याच दिवशी दाखवा. नेईपर्यंत ऊब द्या, खोक्याच्या एका बाजूला कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली, म्हणजे नकोसं झालं तर तो दुसऱ्या बाजूला सरकू शकेल.

आमच्या हवेबद्दल दोन शब्द, विदर्भातल्या मंडळींनाही लागू. मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो आणि पिंजरा कूलरसमोर ठेवला जातो. तो सतत ओला वारा, त्यात कूलरच्या जाळीतल्या गवताला बुरशी आलेली. फुप्फुसाची बुरशी पक्ष्याला सहज मारते. पिंजरा वाऱ्याच्या झोतात नको, आणि गवत दर हंगामात नवं. हिवाळ्यात सिगडी पक्ष्याच्या खोलीत अजिबात नको. नॉनस्टिक तवा रिकामा तापला तर त्याच्या वाफेनं बजी काही मिनिटांत मरतो, हे बाराही महिने लक्षात ठेवा.

एकटा पक्षी असेल तर डोक्यावरचे पांढरे कोंब त्याला स्वतः सोलता येत नाहीत. तो तुमच्या बोटाखाली डोकं घालत असेल तर पांढरी, सुकलेली टोकं दोन बोटांत हलकेच चोळा, भुकटी होऊन पडतात. देठ गडद दिसला तर हात लावू नका, तो अजून जिवंत आहे आणि दुखतो.

पाण्यात टाकायच्या अँटिबायोटिक पावडरींबद्दल बऱ्याच जणांनी विचारलंय. पिसं गळण्यावर अँटिबायोटिक हा उपचार नाही. पाण्यात टाकलेलं औषध किती पोटात गेलं ते कळत नाही, चव बदलली की पक्षी पाणीच कमी पितो, आणि जबलपूरच्या उन्हाळ्यात पाणी न पिणारा पक्षी संध्याकाळ बघत नाही.

शेवटचा प्रश्न बिलासपूरच्या एका ताईंचा आहे: घरात सासूबाईंना दमा आहे, पिसं आणि कोंडा उडतो, पक्षी ठेवावा की नाही? पिंजरा त्यांच्या झोपायच्या खोलीत नको. तळाचा कागद रोज बदला, ओल्या फडक्यानं पुसा, झाडू मारून धूळ उडवू नका. आणि घरात कुणाला थंडी वाजून ताप, कोरडा खोकला, डोकेदुखी असं काही झालं, तर डॉक्टरांना 'आमच्याकडे पक्षी आहे' हे आपण होऊन सांगा. सिटॅकोसिस नावाचा आजार पक्ष्यांकडून माणसाला होऊ शकतो. तो नेहमीच्या अँटिबायोटिकांपैकी योग्य गोळीनं बरा होतो, फक्त डॉक्टरांच्या मनात ती शंका यायला हवी. सासूबाईंचा दमा पक्षी आल्यापासून वाढला असेल, तर ताई, मला पक्षी कितीही आवडत असले तरी सांगतो, त्याच्यासाठी दुसरं चांगलं घर शोधा. कुणी सापडत नसेल तर मला कळवा, शोधायला मदत करतो.